चायनाटाऊन बघायचं, तर पहाटे उठा

संध्याकाळी सातनंतर नगर-मनमाड रस्त्यानं राहात्यातून गेलात तर लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली गाडी दिसल्याशिवाय राहत नाही. मोठ्या आचेवरची कढई, कोबीचं मंचुरियन, लालभडक शेजवान राईस आणि शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलेली कॉलेजची पोरं. यातलं मंचुरियन चीनमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं ते 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं, तेही चिकनचं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, सोया सॉस त्यांचा आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. कोबी त्यात मागाहून आला.

हा पदार्थ ज्या लोकांच्या हातून आला, त्यांच्या वस्त्या आपल्या देशात आहेत आणि राहात्याहून जाऊन बघण्यासारख्या आहेत. एक मुंबईत माझगावला, तिला एक सकाळ पुरते. दुसरी कोलकात्यात, तिला दोन दिवस हवेत. पैसा आणि रजा कमी असेल तर माझगाव करा. दोन्ही जमणार असतील तर आधी माझगाव आणि मग कोलकाता, हा क्रम ठेवा. उलटं केलंत तर माझगाव फार रिकामं वाटेल.

आधी अपेक्षेचं बोलू. सिंगापूर, योकोहामा किंवा सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाऊन सिनेमात पाहिलेलं असतं. मोठी कमान, माळांनी टांगलेले लाल कंदील, दारात दगडी सिंह. आपल्याकडे असं सजवलेलं फारसं काही नाही. माझगावात एक देऊळ आणि काही जुन्या आठवणी उरल्यात. कोलकात्यात थोडं जास्त आहे, पण तेही भाजीबाजाराच्या, हातगाड्यांच्या आणि पार्किंगच्या गर्दीत मिसळलेलं. रीळ काढायला जाणाऱ्यानं निराश व्हायची तयारी ठेवावी. कुणाच्या तरी वाड्यात सकाळी जाऊन बसायची ज्याला हौस आहे, त्यानं जरूर जावं.

मुंबईचा बेत आपल्याला सोपा आहे. साईनगर शिर्डीहून मुंबईला वंदे भारत फेब्रुवारी 2023 पासून सुरू आहे. ती संध्याकाळी निघते आणि रात्री उशिरा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं तिकीट काढताना बघून घ्या. शिर्डीहून एसटी आणि खासगी बसही भरपूर आहेत. रात्री फोर्ट किंवा मशीद बंदराच्या बाजूला मुक्काम केला की सकाळ हाताशी राहते. टर्मिनसवरून हार्बर लाइनची लोकल पकडायची. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं स्टेशन डॉकयार्ड रोड, तिथं उतरायचं. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता जास्त. तो बहुधा दुपारच्या वेळी असतो, म्हणून रविवारी गेलात तर अकराच्या आत परत फिरण्याचं ठरवा.

स्टेशनबाहेर पडून नवाब टँक रोड विचारायचा. रिक्षा शोधू नका, मुंबई शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. टॅक्सीची गरजही नाही, पायी जाता येतं. 'सी यिप कून' हे नाव विचारलंत तर पानवालाही तोंडाकडे बघत राहील. 'चायनीज टेम्पल' म्हणा, कुणीतरी हात दाखवेल. इमारत बाहेरून एखाद्या जुन्या घरासारखी आहे, म्हणून पहिल्यांदा जाणारे बरेच जण पुढं निघून जातात. लाल रंग आणि दारावरची चिनी अक्षरं दिसली की थांबायचं. देवळासाठी जिना चढून वर जावं लागतं. सोबत गुडघेदुखीचं कुणी असेल तर त्यांना आधी कल्पना द्या.

हे देऊळ 1919 सालचं. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडाँग प्रांतात चार शेजारशेजारचे परगणे आहेत. तिथल्या बोलीत त्यांना मिळून 'सी यिप' म्हणतात. तिथून आलेल्या दर्यावर्दी माणसांनी आणि गोदीत काम करणाऱ्यांनी ते बांधलं. हे लोक माझगावातच का राहिले, हे स्टेशनवरच कळतं. समोर गोदी आहे. जहाजावरून उतरलेला माणूस गोदीपासून फार लांब घर करत नाही. त्याच्याही आधीपासून मुंबईचा चीनमधल्या कॅन्टन बंदराशी मोठा व्यापार होता. इथून कापूस आणि माळव्याची अफू जायची, तिकडून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी यायची. सर जमशेदजी जीजीभॉय यांची श्रीमंती याच व्यापारातली. त्यांच्याच नावाच्या जे. जे. रुग्णालयात आपल्या गावाकडचे किती पेशंट दरवर्षी जातात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. पारशी बायकांच्या गारा साडीवरचं बारीक भरतकामही याच समुद्रमार्गानं आलं.

वर गेल्यावर समोर ग्वान गोंग दिसतो. लाल चेहरा, छातीपर्यंत आलेली काळी दाढी, अंगात योद्ध्याचा वेश. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लढाईत पकडला जाऊन मारला गेलेला हा खराखुरा सेनापती. दिलेला शब्द न मोडणारा म्हणून लोकांनी त्याला देव केलं. परक्या गावात पोट भरायला आलेल्यांना असा देव लागतो. व्यापारी त्याला पुजतात, हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याची मूर्ती असते. समोर तेलाचे दिवे, राखेनं भरलेलं उदबत्त्यांचं पात्र, सोनेरी कोरीवकाम केलेलं लाकूड आणि फळांची ताटं. इथली उदबत्ती आपल्यापेक्षा जाड असते आणि वास बराच वेळ कपड्यांत राहतो.

देवाला कौल लावायची सोय इथं आहे. ती बघायला किंवा करायला मिळाली तर सोडू नका. बांबूच्या नळकांड्यात पातळ काड्यांचा जुडगा असतो, प्रत्येक काडीवर आकडा. मनात प्रश्न धरायचा, नळकांडं दोन्ही हातांनी किंचित पुढं कलतं धरायचं आणि हळूहळू हलवत राहायचं. जोरानं हलवलं तर मूठभर काड्या एकदम जमिनीवर येतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नीट हलवलं की एकच काडी बाकीच्यांतून वर सरकत येते, काठावर थोडी अडते आणि पडते. तिच्यावरच्या आकड्याचा कागद घ्यायचा आणि त्यातलं उत्तर वाचायचं. परवानगी असेल तरच नळकांड्याला हात लावा. शेजारी कुणी खरोखर पूजेला आलं असेल तर त्यांचं होऊ द्या.

दार बंद असेल तर खिडकीत डोकावू नका. खाली किंवा शेजारी विचारा, देखभाल करणारे बहुधा जवळच असतात. "अंकल, दर्शन घेऊ का?" एवढं हिंदीत विचारलं तरी पुरतं. फोटो विचारून काढा, माणसांचे तर मुळीच न विचारता काढू नका. चपला कुठं काढायच्या ते तिथल्या माणसाकडे बघून ठरवा. दक्षिणापेटीत काहीतरी टाका. हे देऊळ कुठल्या संस्थानाच्या उत्पन्नावर चालत नाही, थोड्या कुटुंबांच्या पैशावर आणि वेळेवर चालतं. शिर्डीची रांग पाहिलेल्याला तिथला निवांतपणा आधी विचित्र वाटतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. या माणसांना "तुम्ही नेपाळचे का?" किंवा "चीनमध्ये कुठले?" असं विचारू नका. ते मुंबईचे आहेत, त्यांचे बाप-आजेही मुंबईचे. सीमेवर काय चाललंय यावर त्यांचं मत काढायचा प्रयत्नही करू नका. त्यामागं कारण आहे. 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना पकडून राजस्थानात देवलीच्या छावणीत ठेवलं गेलं. खटला नाही, आरोप नाही. त्यात म्हातारी माणसं होती, लहान मुलंही होती. काही जण अनेक वर्षांनी सुटले, आणि सुटून घरी आले तेव्हा घर-दुकान दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं. जे बाहेर होते त्यांना शहराबाहेर जायलाही पोलिसांची परवानगी लागायची. कित्येक कुटुंबं पुढं कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. माझगाव आज रिकामं दिसतं त्याचं मोठं कारण हे आहे. आणखी एक आठवण. व्ही. शांतारामांनी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा चित्रपट 1946 साली काढला. चिनी सैनिकांवर उपचार करताना तिकडेच वारलेला मराठी डॉक्टर आणि त्याची चिनी बायको पडद्यावर बघून लोकांचे डोळे पाणावले होते. त्यानंतर सोळा वर्षांतच इथल्या चिनी शेजाऱ्याकडे हेर म्हणून बघायला आपण शिकलो.

देवळातून बाहेर पडल्यावर वेळ उरतोच. स्टेशनच्या वरच्या टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. लोकमान्यांचे सहकारी आणि पुढं मुंबईचे महापौर झालेल्या काका बॅप्टिस्टांचं नाव त्याला दिलंय. ते माझगावचेच. तिथून गोदी, क्रेन आणि दुरुस्तीला आलेली जहाजं दिसतात. चिनी खलाशी कुठून उतरले असतील याचा अंदाज तिथं उभं राहून येतो. जवळच म्हातारपाखाडी आहे, लाकडी जिन्यांच्या जुन्या घरांची, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची वस्ती. भाऊचा धक्काही लांब नाही. जेवणाचं मात्र माझगावात काही चिनी मिळत नाही. त्यासाठी कुलाब्याला रीगल सिनेमाच्या मागं लिंग्ज पॅव्हेलियन किंवा चर्चगेटला कामलिंग. दोन्ही चिनी कुटुंबांनी सुरू केलेली जुनी हॉटेलं आहेत आणि हातगाडीच्या हिशेबानं बरीच महाग. अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे, असंही कुणी सांगेल. तिकडं सहल म्हणून जाऊ नये.

आता कोलकाता. शिर्डीहून हावड्याला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. तिचा वार जमत नसेल तर पुण्याहून नगर-मनमाडमार्गे जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस किंवा मनमाडहून मुंबई-हावडा मेल. एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात जातो. तिकीट काढताना एवढंच बघा की हावड्याला शनिवारी तरी पोहोचलं पाहिजे. कोलकात्यातल्या चिनी वस्तीचा जीव रविवारच्या पहाटेत आहे. ती हुकली तर बाकीचं बघून समाधान होणार नाही.

मुक्काम एस्प्लनेड किंवा चांदनी चौकाच्या आसपास करा. कारण रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते आणि तुम्हाला तर उजाडायच्या सुमाराला टेरिटी बाजारात असायचं आहे. लालबाजारचं पोलीस मुख्यालय आणि पोद्दार कोर्ट या दोन खुणा टॅक्सीवाल्याला सांगितल्या की पुरे. बाजाराचं नाव एदुआर्दो टिरेटा या इटालियन माणसावरून पडलं. अठराव्या शतकात तो कलकत्त्याच्या रस्त्यांचा आणि इमारतींचा देखरेख करणारा अधिकारी होता. चिन्यांच्या वस्तीला इटालियनाचं नाव आणि रस्त्याला चिनी नेते सुन यत-सेन यांचं, असा तो कारभार.

साडेपाच-सहाला फुटपाथवर ॲल्युमिनियमची उकडपात्रं मांडायला सुरुवात होते. झाकण उचललं की वाफेचा लोट येतो आणि आत पांढरेशुभ्र बाव दिसतात. मैद्याचा मऊ उकडलेला गोळा, आत डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचं सारण. शेजारी शुमाई, मोमो, माशांच्या गोळ्यांचं सूप, तळलेल्या पुऱ्यांसारखं काहीतरी आणि दोरीला टांगलेली गोडसर सॉसेजेस. भोवती भाजीवाले, मासळीवाले आणि कोंबड्यांच्या पाट्या. आठ वाजायला आले की पात्रं रिकामी व्हायला लागतात आणि साडेआठनंतर तिथं असं काही होतं यावर विश्वास बसू नये इतका रस्ता साधा होतो. नऊला पोहोचलेले लोक मग चायनाटाऊन संपलं म्हणून सांगत फिरतात.

संपलं नसलं तरी आटलंय, हे खरंच. एकेकाळी कोलकात्यात चिनी वंशाची वस्ती वीस हजारांच्या घरात होती असं म्हणतात, आता दोन-अडीच हजारांच्या आसपास असेल. न्याहारी विकणाऱ्यांतही आता इतर लोक बरेच आहेत. ते बघून हिरमुसू नका. ज्या गाडीपुढं चिनी म्हातारी माणसं पिशवी घेऊन उभी असतील तिथं उभं राहा, चव तिथं असते.

आपल्याकडचे बरेच वाचक शाकाहारी, माळकरी. त्यांच्यासाठी सरळ सांगतो: इथं पोटभर खायला मिळणार नाही. तिळात घोळवून तळलेले गोड गोळे मिळतात, तेही कुठल्या तेला-चरबीत तळले ते विचारूनच खा. ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांनी बाव घेण्याआधी "पोर्क है क्या?" असं स्पष्ट विचारावं. सगळे बाव बाहेरून सारखेच दिसतात. हॉटेलात 'व्हेज' म्हणून आलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस असू शकतो, तो शिंपल्यांपासून होतो. तेव्हा नुसतं 'व्हेज' न म्हणता 'ऑयस्टर सॉस नको, फिश सॉस नको' असं म्हणावं. श्रावणात किंवा गुरुवारच्या उपासाला हा प्रवास ठेवू नये. सुटे पैसे जवळ ठेवा. गरम बाव हातात घेऊन पाकिटात शोधाशोध करणं जमत नाही.

न्याहारी झाली की देवळांकडे वळायचं. इथं एक गोंधळ उडतो, म्हणून आधीच सांगतो. पाटीवर 'चर्च' लिहिलेलं असतं, आत मात्र ग्वान गोंग आणि करुणेची देवी ग्वान यिन. छातावाला गल्लीतलं सी यिप चर्च 1905 सालचं. माझगावचं देऊळ बघून आलेल्याला हे नाव लगेच ओळखू येईल, दोन्हीकडे त्याच चार परगण्यांची माणसं. मी माझगाव आधी करा म्हणतो ते यासाठीही. जवळच तुंग ऑन चर्चची 1924 ची लाल विटांची इमारत आहे, तिच्या खालच्या मजल्यावर कोलकात्याचं गाजलेलं नानकिंग हॉटेल होतं. ही नुसती देवळं नव्हती. गावाकडून नवा आलेला माणूस पहिल्या रात्री इथं टेकायचा, इथूनच त्याला काम मिळायचं, चिठ्ठ्या लिहून मिळायच्या आणि मेला तर चार माणसंही इथूनच निघायची. मुख्य दालनाशेजारच्या खोल्यांत अजून कधी कधी माजाँग खेळाच्या सोंगट्या वाजताना ऐकू येतात. तिकडे डोकावू नये, देवापुढं मात्र कुणालाही मज्जाव नसतो. सगळी देवळं सकाळी उघडी असतीलच असं नाही. दोन-तीन मिळाली तरी पुष्कळ.

जाताना पौ चोंगच्या दुकानातून हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली घ्या. काचेची असते, कपड्यांत गुंडाळून पेटीच्या मधोमध ठेवा.

दुपारी टेंगरा. हे शहराच्या पूर्वेला आहे आणि टेरिटी बाजारापेक्षा अगदी वेगळं. टेरिटीत सुतार, जहाजांची कामं करणारे कॅन्टनी लोक आणि दात बसवणारे हुपेई प्रांतातले लोक. टेंगऱ्यात हक्का समाजाचे चिनी लोक, आणि त्यांचा धंदा कातडी कमावण्याचा. हक्का लोकांना हा धंदा मोकळा मिळाला, कारण इथल्या सवर्णांना त्याला हात लावायचा नव्हता. आपल्या जातीच्या उतरंडीनं सोडलेल्या जागेत परदेशातून आलेल्यांनी घरं बांधली, शाळा काढली, पैसा केला. बेंटिंक स्ट्रीटवरची चिनी बुटांची दुकानं याच कातड्यावर उभी होती. 19 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं हे सगळे कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश दिला. गंगेत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न खरा होता, त्यामुळे आदेशाला नावं ठेवता येत नाहीत. पण कारखाने बानतल्याला गेल्यावर मागं राहिलेल्यांनी त्याच उंच भिंतींच्या आत हॉटेलं काढली. आज तुम्ही जिथं चिली चिकन खाता, तिथं पूर्वी ओली कातडी वाळत असायची.

टेंगऱ्यात जेवायला चौघं तरी असा. एकेक प्लेट मोठी येते आणि वाटून खाण्यासाठीच असते. अंधार पडल्यावर आतल्या गल्ल्यांतून पायी भटकू नका, भिंती उंच आणि दिवे कमी आहेत. टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत न्या. उजेड असताना माथेश्वरतला रस्त्यावरची चिनी काली मात्र बघा. देऊळ कालीचंच, पुजारी बंगाली ब्राह्मण, पण देखभाल आणि भक्ती चिनी कुटुंबांची. नैवेद्यात नूडल्स आणि चॉप्सुई असतात. खंडोबाला कांदा-वांगं दाखवणाऱ्यांनी त्यावर हसू नये.

वर्षातली सर्वात चांगली वेळ चिनी नववर्षाची. ती तारीख लक्षात ठेवायला आपलं पंचांग पुरतं. त्यांचंही वर्ष चांद्र आहे, त्यांनाही अधिक महिना घालावा लागतो. नववर्ष येतं ते बहुधा आपल्या पौष अमावास्येला, अधिक मासाच्या फेरात एखाद्या वर्षी माघ अमावास्येला. 2026 मध्ये ते 17 फेब्रुवारीला आलं, महाशिवरात्रीनंतर दोन दिवसांनी. 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे. तेव्हा कोलकात्यात सिंहनृत्य रस्त्यावर येतं, ढोल वाजतात आणि माझगावच्या देवळातही एरवी न दिसणारी गर्दी असते. तोटा असा की अशा दिवशी तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. बोलायचं असेल तर साधा रविवार बरा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पितरांच्या कबरी साफ करायचा त्यांचा दिवस येतो. तेव्हा कुटुंबं आपल्या दुःखात असतात, कॅमेरे घेऊन जाऊ नये.

दुसरा दिवस उरला असेल तर राहाता तालुक्यातल्या माणसानं तो अछिपूरला घालवावा, असं माझं मत आहे. आपला सगळा भाग उसाचा. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. त्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी तोंग अछ्यू नावाचा चिनी माणूस बंगालमध्ये उतरला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं त्याला हुगळीच्या काठी 650 बिघे जमीन दिली, वर्षाला 45 रुपये खंडानं. त्यानं तिथं ऊस लावला, चीनहून मजूर आणले आणि साखरेचा कारखाना घातला. कोलकात्याच्या चिनी वस्तीची सुरुवात या उसाच्या फडातून मानतात. पुढची कथा आपल्याला अनोळखी नाही. करारानं आणलेले मजूर कारखाना सोडून शहराकडे पळायला लागले, जहाजांवरून पळालेले त्यांचेच गाववाले त्यांना फितवतात अशी तक्रार अछ्यूनं कंपनी सरकारकडे 1781 मध्ये केली. उचल घेऊन पळालेल्या टोळीमागं धावणारा मुकादम ज्यानं पाहिलाय त्याला ही तक्रार वाचल्यासारखीच वाटेल. 1783 च्या सुमाराला अछ्यू वारला, कारखाना बंद पडला आणि उरलेले मजूरही कलकत्त्याला गेले.

नदीकाठावर त्याची कबर आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराची, लाल रंगवलेली. थोडं आत एक जुनं देऊळ, त्यात शेतजमिनीचा चिनी देव आणि त्याची बायको. आजूबाजूचे बंगाली शेतकरी या जोडीला खुदा-खुदी म्हणतात. नववर्षानंतरच्या दोन आठवड्यांत कोलकात्याची चिनी कुटुंबं गाड्या भरून इथं येतात, उदबत्त्या लावतात, कबरीपुढं जेवण मांडतात. एरवी तिथं शुकशुकाट. सियालदाहहून बजबजची लोकल घ्यायची, शेवटच्या स्टेशनवर उतरायचं आणि पुढं ऑटो. ऑटोवाल्याला नुसतं अछिपूर सांगितलं तर तो बाजारात सोडेल. 'चिनेमानतला' म्हणा आणि परतीचं भाडं आधीच ठरवून त्याला थांबवून ठेवा. पाण्याची बाटली आणि खाणं सोबत न्या, तिथं चहाची टपरी उघडी सापडेलच असं नाही.